ट्रकचे हिवाळी टायर : कुठल्या चाकाला कोणते

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पश्चिमेकडचा डोंगराळ प्रांत. तिथल्या बहुतेक घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे असतात. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ ही अक्षरे किंवा डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह हवे आणि नक्षीची खोली किमान साडेतीन मिलिमीटर हवी, असा नियम आहे. ११,७९४ किलोंहून जड मालवाहू वाहनांच्या बाबतीत सक्तीचा भर साखळ्यांवर आहे. त्या गाडीत असल्याच पाहिजेत आणि फलक लागला की चाकांवर चढवल्याच पाहिजेत. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर बंधनकारक असतात, पण ४,५०० किलोंहून जड वाहने त्या नियमातून वगळलेली आहेत. म्हणजे चाळीस टनांच्या आसपासच्या ट्रकला कोणते टायर घालायचे, हा निर्णय तिथे बराचसा मालकावर आणि चालकावर सोडलेला आहे. तो घेतला जातो टायरच्या दुकानात, कोरड्या फरशीवर, आणि त्याची परीक्षा होते चढावर, रात्री, उणे तापमानात.

हिवाळी टायर मुळात जन्माला आला तो ट्रकसाठीच. १९३४ साली फिनलंडमधल्या सुओमेन गुम्मितेहदास या कंपनीने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वज कंपनीने, ट्रकसाठी आडव्या, खोल खाचांचा टायर काढला. मोटारींचा हिवाळी टायर त्यांनी दोन वर्षांनी, १९३६ मध्ये बाजारात आणला. त्या काळी फिनलंडमधले रस्ते हिवाळ्यात धड साफ होत नसत आणि माल तर पोचवायचाच असे. आज महामार्गांवर हिम हटवणारी यंत्रे रात्रंदिवस फिरतात, मीठ आणि खडी पडते. त्यामुळे ट्रकचा टायर एकाच फेरीत कोरडे डांबर, मिठाचा चिखल, दाबून घट्ट झालेले हिम आणि काचेसारखा बर्फ अशा चारही पृष्ठभागांवरून जातो. निवडीतली खरी अडचण इथून सुरू होते. या चारही ठिकाणी सारखाच चांगला चालेल असा टायर कोणी बनवलेला नाही.

त्यात ट्रकची सगळी चाके एकच काम करत नाहीत. उत्तर अमेरिकेत सर्रास दिसणारा लांब पल्ल्याचा ट्रक पाच एक्सलचा आणि अठरा चाकांचा असतो. अमेरिकेत त्याच्या एकूण वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन आहे. भरलेल्या गाडीत त्यातले साधारण १२,००० पौंड पुढच्या दोन चाकांवर येतात. इंजिनाची ताकद ज्यांना मिळते त्या दोन ड्राइव्ह एक्सलच्या आठ चाकांवर ३४,००० पौंड, आणि ट्रेलरखालच्या आठ चाकांवर तेवढेच. पुढची दोन चाके गाडीला दिशा देतात, मधली आठ गाडी ओढतात आणि मागची आठ वजन वाहतात. ब्रेक मात्र सगळ्यांनीच लावायचा असतो. या तीन कामांसाठी तीन वेगळे टायर लागतात, आणि ‘ट्रकसाठी चांगला हिवाळी टायर कोणता’ या प्रश्नाला एका नावात उत्तर देता येत नाही ते यामुळेच.

टायरच्या बाजूवरच्या खुणा नीट वाचल्या पाहिजेत. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि हिम. ही खूण नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. खाचांना पुरेशी मोकळी जागा आहे का, एवढेच त्यात पाहिलेले असते. हिमावर टायर प्रत्यक्ष चालवून पाहण्याची अट तिच्यामागे नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह यापेक्षा भरवशाचे आहे. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उद्योगाच्या संघटनांनी ते आणले आणि ते मिळण्यासाठी टायरला हिमावर चाचणी द्यावी लागते. पण ही चाचणी मुख्यतः दाबलेल्या हिमावर गाडी किती जोराने पुढे रेटली जाते, याची असते. बर्फावर ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, वळणावर धरून राहील की घसरेल, हे त्या चिन्हातून कळत नाही. चिन्ह पाहून टायर घेणे योग्यच आहे. ते असले म्हणजे बर्फाचा प्रश्न मिटला, ही समजूत मात्र धोक्याची आहे.

हिम आणि बर्फ यांवर टायरची पकड वेगवेगळ्या कारणांनी होते. ताजे किंवा दाबलेले हिम टायरच्या खाचांत शिरते, तिथे घट्ट होते आणि खालच्या हिमाला चिकटते. हिमाची हिमावर चांगली पकड बसते. म्हणून हिमासाठी खोल आणि मोकळ्या खाचा लागतात, आणि चाक फिरताना जुने हिम झटकून नवे घेण्याची सोयही लागते. बर्फात शिरायला जागाच नसते. तिथे लागतात त्या रबरी गट्ट्यांवरच्या बारीक चिरा, ज्यांना या धंद्यात साइप म्हणतात. वजनाखाली गट्टा दाबला गेला की या चिरांच्या कडा किंचित उघडतात, बर्फावरच्या पाण्याच्या पातळ थराला वाट मिळते आणि कडा पृष्ठभागाला ओरखडतात. नवा टायर हातात घेऊन गट्टा दोन अंगठ्यांनी दाबला, तर चिरा उघडताना दिसतात. त्या किती खोलवर गेल्या आहेत तेही पाहावे. काही टायरांत चिरा वरच्या काही मिलिमीटरपुरत्याच असतात. टायर अर्धा झिजला की त्या नाहीशा होतात आणि त्याच्याजवळ बर्फावर चालणारे काहीच उरत नाही, भले खाचा अजून खोल दिसोत. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही, विचारावे लागते.

रबराचाही विचार हवा. थंडीत रबर कडक होते आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात बसत नाही. मोटारींच्या बाबतीत ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायर वापरू नयेत, असा एक ठोकताळा सांगितला जातो. ट्रकच्या टायरात नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त असते, म्हणून थंडीत तो मोटारीच्या उन्हाळी टायरइतका कडक पडत नाही. तरीही हिवाळ्यासाठी सिलिका मिसळून केलेले मिश्रण आणि लांब पल्ल्यासाठी, कमी झिजेसाठी केलेले मिश्रण यांत उणे वीस अंशांना फरक पडतोच. शिवाय वर्षे गेली की रबर जास्त कडक होते. बाजूवरच्या ‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा, नक्षी भरपूर असलेला पण सहा वर्षे गोदामात पडून राहिलेला टायर ड्राइव्ह एक्सलला घालणे म्हणजे खोली विकत घेऊन पकड सोडून देणे होय. रबर जुने झाले की अंगठ्याचे नख दाबल्यावर त्यात रुतत नाही. अनुभवी मेकॅनिक एवढ्यावरून अंदाज बांधतात आणि शंका आली तर कडकपणा मोजण्याचे छोटे उपकरण लावतात.

ड्राइव्ह एक्सलच्या टायरांवर सर्वांत जास्त चर्चा होते आणि ती रास्त आहे, कारण चढावर गाडी अडते ती इथे. याचा हिशेब साधा आहे. भरलेल्या गाडीच्या वजनापैकी ड्राइव्ह चाकांवर येते ते ८०,००० पैकी ३४,०००, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. रस्ता शंभर मीटरला आठ मीटर चढत असेल, तर नुसते वर ओढण्यासाठी गाडीच्या एकूण वजनाच्या आठ टक्के जोर लागतो. तो सगळा साडेबेचाळीस टक्के वजनाखालच्या रबराने रस्त्याला धरून मिळवायचा असतो. म्हणजे घर्षणाचा गुणांक किमान ०.१९ तरी हवा. दाबलेल्या हिमावर तो साधारण ०.२ ते ०.३ मिळतो, तेव्हा चांगल्या टायरावर गाडी जेमतेम चढते. ओलसर, गुळगुळीत बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो, आणि मग जगातला कुठलाही नुसता रबरी टायर ती गाडी वर नेऊ शकत नाही. व्हँकुव्हरहून आत जाणाऱ्या कोकिहाला महामार्गावर असे चढ आहेत. या रस्त्याचा माथा समुद्रसपाटीपासून १,२४४ मीटरवर आहे आणि पॅसिफिककडून येणारी ओली हवा तिथे हिम होऊन पडते. तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, आणि बर्फ सर्वांत निसरडा असतो तो नेमका तेव्हाच.

हिमाच्या रस्त्यावरच्या ड्राइव्ह टायरची नक्षी ‘ओपन शोल्डर’ असावी, म्हणजे गट्ट्यांमधल्या खाचा टायरच्या कडेपर्यंत मोकळ्या गेलेल्या असाव्यात. त्यांतून हिम बाहेर फेकले जाते. सलग कडा असलेला ‘क्लोज्ड शोल्डर’ टायर सपाट महामार्गावर डिझेल वाचवतो आणि एकसारखा झिजतो. म्हणून मोठ्या ताफ्यांचे मालक त्याला पसंती देतात, आणि टेक्सास-फ्लोरिडाच्या मार्गांवर ते बरोबरही आहे. वर्षातला बराचसा काळ घाटात जाणाऱ्या गाडीला तो घालणे मात्र चुकीची काटकसर आहे. नव्या ड्राइव्ह टायरची खोली बहुधा २० मिलिमीटरच्या वर असते. कायद्याची किमान मर्यादा अमेरिकेत पुढच्या चाकांना ४/३२ इंच आणि बाकीच्यांना २/३२ इंच, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर आहे. ही मर्यादा कोरड्या आणि पावसाळी रस्त्यांचा विचार करून ठरलेली आहे. हिमात उपयोग होतो तो खोलीच्या वरच्या अर्ध्या भागाचा. नऊ-दहा मिलिमीटर उरले की घाटातल्या कामाला तो टायर संपला असे धरून त्याला सपाटीच्या मार्गावर किंवा ट्रेलरला लावणारे चालक आणि मालक शहाणे म्हणावे लागतील.

इथे वेळेचा एक हिशेब फार कामाचा आहे. ड्राइव्ह टायर वसंतात बदलले, तर त्यांची सर्वांत खोल नक्षी उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर खर्ची पडते आणि हिवाळा येईपर्यंत अर्धा टायर उरतो. तेच टायर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलले, तर पूर्ण खोली हिमाच्या वाट्याला येते आणि झिजलेला टायर उन्हाळ्यात निभावून जातो. खर्च तेवढाच, नुसते महिने बदलायचे. हिवाळी आणि उन्हाळी असे दोन वेगळे संच ठेवणे छोट्या मालकाला परवडत नाही. आठ टायर, त्यांची अदलाबदल, ते ठेवायला जागा, यातच बरेच पैसे जातात. त्याच्यासाठी ऑक्टोबरात बदललेला, हिमकणाचे चिन्ह असलेला बारमाही ओपन शोल्डर टायर हा बहुतेक वेळा योग्य मध्यममार्ग ठरतो. रिमोल्ड टायर ड्राइव्ह आणि ट्रेलरच्या चाकांना सर्रास वापरतात आणि चांगल्या कारखान्यातून केलेला रिमोल्ड हिमात नव्याच्या तोडीस तोड चालतो, कारण त्यावर थेट हिवाळी नक्षीचा पट्टा बसवून घेता येतो. पुढच्या चाकांना मात्र तो न घालण्याचा रिवाज बहुतेक जण पाळतात.

पुढच्या चाकांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे हिवाळी रस्त्यांवर काम करणाऱ्यांशी बोलताना वारंवार जाणवते. पुढच्या टायरला लांब, सरळ, सलग खाचा असतात. सरळ चालताना त्या गाडीला स्थिर ठेवतात आणि पाणी बाहेर काढतात. हिमात त्यांना धरायला फारसे काही नसते. ड्राइव्ह चाकांनी गाडी जोरात पुढे रेटली आणि पुढच्या चाकांनी वळायला नकार दिला, तर चालकाने स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जात राहते. म्हणजे मागे उत्तम हिवाळी टायर आणि पुढे गोटा झालेले टायर, ही जोडी सगळीकडे बेताचे टायर असण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. गाडी चांगली ओढते म्हणून चालकाचा विश्वास वाढतो, वेग वाढतो आणि पहिले वळण येते. जर्मनीने हे ओळखून साडेतीन टनांहून जड ट्रक आणि बसच्या ड्राइव्ह एक्सलबरोबर पुढच्या वळणाऱ्या एक्सललाही हिवाळ्यातल्या रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे केले. हा नियम जुलै २०२० पासून लागू आहे. स्वीडनने त्याही पुढे जाऊन २०१९ मध्ये जड वाहनांच्या सगळ्याच एक्सलना तो नियम लावला. उत्तर अमेरिकेतल्या नियमांत हे अजून आलेले नाही, आणि यायला हवे.

ट्रेलरच्या टायरांना लोक नुसते ‘फिरणारे’ समजतात. त्यांची नक्षी मुळातच उथळ असते, बऱ्याचदा ते दुसऱ्या चाकांवरून उतरवलेले जुने टायर असतात आणि ट्रेलर आज एका ट्रकच्या मागे तर उद्या दुसऱ्याच्या मागे जोडला जात असल्यामुळे त्यांच्याबद्दल आस्था कोणालाच नसते. बर्फावर उतारात ब्रेक लावला की याच आठ चाकांनी गाडीचा मागचा अर्धा भाग धरून ठेवायचा असतो. ती घसरली तर ट्रेलर बाजूला सरकत पुढे येऊ लागतो. उलट ड्राइव्ह चाके घसरली तर पुढचा ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारा इंजिनाचा भाग, वाकडा होऊन ट्रेलरशी काटकोन करतो आणि चाकूचे पाते मिटावे तशी गाडी दुमडते. चालक याला जॅकनाइफ म्हणतात. एकदा ठराविक कोनापलीकडे गेलेली गाडी कोणाच्याच हाताने सरळ होत नाही.

थांबण्याचा हिशेब तर सर्वांनी एकदा कागदावर करून पाहावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला घर्षणाचा गुणांक ०.७ असलेल्या कोरड्या डांबरावर, नुसत्या घर्षणाच्या गणिताने, सुमारे ३६ मीटर लागतात. ०.२५ असलेल्या हिमावर तेच अंतर १०० मीटर होते आणि ०.१ असलेल्या बर्फावर २५० मीटर. चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला आणि हवेच्या ब्रेकांना दाब धरायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. प्रत्यक्षात ट्रकला यापेक्षा जास्तच अंतर लागते. चांगला हिवाळी टायर ०.१ चे ०.१३ करील, ०.१५ करील. त्याने अंतर नक्की कमी होते आणि कधीकधी तेवढ्यानेच जीव वाचतो. पण वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला तर बर्फावरचेच अंतर २५० वरून ६३ मीटरवर येते. एवढा फरक पाडणारा टायर कुठल्याही दुकानात मिळत नाही.

टायर किती चांगला हे हवेवरही ठरते, आणि थंडीत हवा उतरते. १०० पीएसआय दाबाने भरलेला टायर तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की साधारण दोन पीएसआय गमावतो. २० अंशांच्या उबदार शेडमध्ये १०० भरून गाडी उणे २५ मध्ये बाहेर काढली तर टायर थंड झाल्यावर आत ८३ च्या आसपासच उरतात. गळती कुठेच नसते, निसर्गाचा नियमच तसा आहे. जोडचाकांत एकाची हवा कमी झाली की सगळे वजन दुसऱ्यावर जाते. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडत राहून तापते आणि हिवाळ्यातही टायर फुटतो. म्हणून हवा बाहेर, गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर तपासावी. हिमात जास्त पकड मिळावी म्हणून हवा मुद्दाम कमी करण्याची जुनी सवय काही जणांना आहे. हलक्या पिकअपला चिखलातून बाहेर काढायला ते ठीक असेल, पण भरलेल्या ट्रकवर महामार्गाच्या वेगाला ते करू नये.

कडक थंडीत लांब पल्ला संपवून गाडी उभी केली की गरम टायर खालचे हिम वितळवतात आणि थोड्या वेळात तेच पाणी गोठून चाके जमिनीला चिकटतात. सकाळी जोर लावून गाडी काढली तर रबराचे तुकडे तिथेच राहतात. म्हणून जाणते चालक थांबण्यापूर्वी शेवटचे काही अंतर हळू चालवतात, ब्रेक आणि टायर थोडे निवू देतात आणि थांबल्यावर गाडी फूटभर पुढेमागे करून कोरड्या किंवा खडी टाकलेल्या जागी उभी करतात. उणे तीसच्या खाली सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत चालते. रात्रभर वजनाखाली चपटा झालेला टायरचा भाग पुन्हा गोल होईपर्यंत तसे होते. ती धडधड थांबेपर्यंत वेग वाढवू नये.

एवढे सगळे करूनही असा चढ येतोच जिथे टायरचे काम संपते आणि साखळीचे सुरू होते. घाटाच्या पायथ्याशी साखळ्या चढवण्यासाठी रुंद जागा ठेवलेल्या असतात. तिथे रात्री दोन वाजता, वाऱ्यात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात साखळी जमिनीवर पसरायची. आडव्या कड्या वळलेल्या नाहीत ना आणि आकड्यांची तोंडे टायरपासून बाहेरच्या बाजूला आहेत ना, हे पाहायचे. आकडा आत वळला तर तो टायरची बाजू फाडतो. मग साखळी चाकावर टाकायची, हिमात आडवे होऊन आतला आकडा हाताने चाचपून लावायचा, बाहेरचा लावायचा आणि चावीने कॅम फिरवून ताण द्यायचा. थोडे अंतर चालवून पुन्हा उतरायचे आणि ढिली झालेली साखळी पुन्हा ताणायची. हे दुसऱ्यांदा ताणणे ज्यांनी टाळले त्यांच्या साखळ्या तुटून मडगार्ड आणि हवेच्या नळ्या फोडतात. साखळी लावल्यावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवावा. टायर घेतानाच साखळीचा विचार करावा लागतो तो यासाठी, की टायरचा आकार बदलला तर जुनी साखळी बसत नाही. जोडचाकांच्या जागी एकच रुंद टायर घालणाऱ्यांना तर साखळीही वेगळी घ्यावी लागते. साखळी घरी, कोरड्या जागेत, उजेडात एकदा बसवून पाहिलेली असावी. पहिल्यांदा ती बसवण्याची जागा घाट असू नये.

खिळे ठोकलेल्या टायरांचाही प्रश्न येतो. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले हे खिळे ओल्या बर्फावर निश्चित उपयोगी पडतात आणि फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे त्यांचा वापर मोठा आहे. पण ते उघड्या डांबराला ओरबाडतात, म्हणून दक्षिण ऑन्टारिओसारख्या अनेक ठिकाणी त्यांना बंदी आहे. महामार्गावर बहुतेक वेळ डांबरच उघडे असणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रकला ते सोयीचे नाहीत.

थंडी जितकी जास्त तितका रस्ता निसरडा, ही समजूतही कॅनडाच्या उत्तरेकडचे काम पाहिले की जाते. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये येलोनाइफजवळून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा टिबिट-कॉन्टवॉयटो हा रस्ता दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तयार करतात आणि तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आठेक आठवडे चालतो. उणे तीस-पस्तीसला बर्फावर पाण्याचा थर जवळपास राहतच नाही, त्यामुळे चांगल्या खोलीच्या ड्राइव्ह टायरांना तिथे बरी पकड मिळते. भरलेल्या गाड्यांना तिथे ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते, ती घसरण्याच्या भीतीने नाही. जड गाडी वेगात गेली की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि ती बर्फ फोडू शकते. याउलट शून्याच्या आसपासचा दक्षिणेकडचा घाट, जिथे दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी गोठते, तोच टायरची खरी कसोटी घेतो. म्हणून टायर निवडताना थर्मामीटरचा नीचांक पाहण्यापेक्षा आपला मार्ग शून्याच्या जवळपास किती दिवस राहतो, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

भारतातून कॅनडात जाऊन ट्रक चालवणाऱ्यांमध्ये पंजाबी चालक बहुसंख्य आहेत. मराठी तरुणही या कामात दिसतात. कसारा किंवा खंबाटकी घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायची, ब्रेक तापू द्यायचे नाहीत, ही शिस्त अंगात असेल तर ती तिथेही कामाला येते. पण गुळगुळीत बर्फावर इंजिन ब्रेक एकदम जोरात लावला तर ड्राइव्ह चाके तिथल्या तिथे घसरतात. इकडची चांगली सवय तिकडे जपूनच वापरावी लागते. शिवाय प्रशिक्षण उन्हाळ्यात झालेले असेल तर पहिले हिम दिसते ते थेट कामावर, दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याने निवडलेल्या टायरांवर.

अशा चालकाने गाडी ताब्यात घेताना पुढच्या दोन चाकांपासून सुरुवात करून अठराही टायरांची खोली स्वतः मोजावी, बनावटीचे आकडे वाचावेत, हवा थंड टायरात तपासावी आणि साखळ्या पेटीतून बाहेर काढून मोजाव्यात. पुढचे टायर गोटा झालेले असतील तर घाटाची फेरी नाकारावी. कॅनडाच्या कामगार कायद्यांनुसार धोकादायक काम नाकारण्याचा हक्क चालकाला आहे.